ब्रेकची धूळ धरणारी

२ जून, सोमवार क्लिवोन

आले बाई एकदाची. नोकरी लागली, खोली मिळाली, खोलीत नळसुद्धा आहे. आणखी काय पाहिजे माणसाला?

चौदा वर्षं वोनोसोबोच्या कारखान्यात कारिका फळं, म्हणजे डोंगरी पपया, सोलल्या. चिकानं बोटांची सालं निघाली, पण मालकिणीनं कधी हातमोजे दिले नाहीत. इथं पहिल्याच दिवशी दोन जोड हातमोजे, निळे कपडे, बूट, तोंडाला बांधायचं जाड फडकं आणि ही वही. वहीत रोज लिहायचं, कुठल्या बसची किती धूळ धरली. पुढून ते लिहीन, मागून माझं, वारापुढं बाजाराच्या पाच वारांतला वारही घालून. शाळा तिसरीपर्यंत झाली, अक्षर कोंबडीच्या पायाचं. पण वाचणार कोण?

डेपो घाटाच्या पायथ्याशी आहे. वरून उतरलेली बस आत आली की चाकांतून करपल्याचा वास येतो. सतरा वळणं ब्रेकवर पाय ठेवून उतरायची, मग करपणार नाही तर काय होणार. लायनर झिजतो, त्याची धूळ चाकाच्या आत साठते. पूर्वी हे लोक हवेच्या नळीनं ती फुर्रकन उडवून द्यायचे आणि मग तीच कॉफीबरोबर प्यायचे. आता सरकारी कागद आला, म्हणून बाई ठेवली.

मुकादम पाक मुर्योतो यांनी काम दाखवलं. फिटरनं चाक उघडलं की खाली परात धरायची. साबणाचं पाणी हळू मारायचं, ब्रशनं पुसायचं, कण उडू द्यायचा नाही. परातीतलं पाणी फडक्यातून गाळायचं. राहिलेला गाळ जाड पिशवीत, गाठ. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, परत गाठ. मग लोखंडी पिंपात, वर झाकण. पिंपं मागच्या कोठीत ठेवायची, शहरातून ट्रक येतो तो नेतो. ओली धूळ मेलेली असते, सुकी धूळ जिवंत, असं त्यांनी तीनदा सांगितलं. मी म्हटलं, पाक, मी बहिरी नाही.

गियोनो नावाचा फिटर आहे, तोंडानं फटकळ. माझ्या वरच्या ओठावरचा व्रण बघून म्हणाला, "बु वागियेम, तिथं कुणी ब्रेक मारला?" लहानपणी कुदळीचा दांडा लागला होता, तेच सांगितलं. आणि म्हटलं, पुन्हा विचारलंस तर हातात ब्रश आहे, लक्षात ठेव. सगळे हसले. माणसं बरी आहेत.

५ जून, गुरुवार पॉन

चार दिवसांत हात बसला. काळजी घेतली तर खरंच कण उडत नाही. करडा गाळ असतो, चुलीतल्या राखेपेक्षा बारीक, आणि बोटांत धरला तर जरासा गरम वाटतो. गियोनो म्हणतो वाटतो तसा, गरम नसतो.

माझ्या आधी या कामावर म्बोक तुकिनेम होती. तिचाच ब्रश मी वापरते, दांडा तिच्या मुठीनं झिजलाय. खोलीही तिचीच. खोलीच्या मागच्या भिंतीपलीकडे पिंपांची कोठी. तुकिनेम कुठं गेली विचारलं तर पाक मुर्योतो म्हणाले, गावी गेली. कशानं? म्हातारी झाली होती. किती म्हातारी? तर म्हणाले, बु, परात भरली बघा.

डेपोच्या कोपऱ्यात छपराखाली एक जुनी बस उभी आहे, टायर बसलेले, टपावर फुलं वाहिलेली. तिला क्याई मांदेग म्हणतात. क्याई म्हणजे थोर, मांदेग म्हणजे थांबलेला. चाळीस वर्षं घाट उतरला, एकदाही ब्रेक फसला नाही. म्हणून सुरोच्या, म्हणजे आमच्या जावी वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या, पहिल्या दिवशी, लोक घरच्या कट्यारी धुतात तसे, हिचे ब्रेक धुतात. गावोगावचे लोक बाटल्या घेऊन येतात आणि ते पाणी नेतात. कुणी मोटारसायकलवर शिंपडतात, कुणी दारात. मी म्हटलं, म्हणजे यंदा धुणार मीच. हो म्हणाले, मानाचं काम आहे. चला, फळं सोलण्यात मान नव्हता.

९ जून, सोमवार पाहिंग

आज कोठीत पिंपाचं झाकण उघडलं तर खालच्या पिशव्या चपट्या पडलेल्या. चोखून टाकलेल्या आंब्यासारख्या. गाठी जशाच्या तशा, माझ्या हातच्या, मी डावी गाठ मारते. भोक कुठं नाही. पिंप कोरडं.

पाक मुर्योतोंना आणून दाखवलं. म्हणाले, पाणी सुकतं बु. दोन गाठींच्या आतून? म्हणाले, तिसरी शिकलेल्या बाईनं इतकं डोकं चालवू नये. मी म्हटलं, गाठी मोजायला तिसरी पुरते. गेले तोंड वाकडं करून.

ट्रक शेवटचा कधी आला ते कुणालाच सांगता येत नाही. पिंपं मात्र कधी भरत नाहीत म्हणे. सोय आहे.

१२ जून, गुरुवार क्लिवोन

रुमिनी आली. माझी एकच पोर, माझी न्दुक. सातवा लागलाय. तिचा नवरा कालिमांतान बेटावर कोळशाच्या खाणीत, सासूचं घर डोंगरावर. इथं सुईणबाई रस्त्यापलीकडेच, म्हणून सासूनंच धाडली.

तिचं पहिलं बाळ सहाव्यात गेलं. बटाट्याच्या वाफ्यात, सकाळी नऊ वाजता, मी चादर आणायला धावले तोवर संपलं होतं. या वेळी पोरीला काही होऊ देणार नाही. खाट तिला दिली, मच्छरदाणी नवी आणली. मी खाली चटईवर. निळे कपडे घरात न्यायचे नाहीत असा नियम आहे, पण डेपोत धुवायला जागा दिलेली नाही. मी आपली दाराबाहेर बादलीत बुडवते.

आल्याआल्या तिला भूक. कोवळ्या फणसाचा मेगोनो भात केला, सोयाबीनचं तेंपे तळलं. चार वेळा मागून घेतलं पोरीनं. बाळ इतक्या लाथा मारतं की ताटली पोटावर ठेवली तर हलते.

१४ जून, शनिवार पाहिंग

सकाळी मच्छरदाणीवर डाग. करडा, वाटोळा, बाहेरच्या बाजूनं, रुमिनीचं तोंड असतं बरोबर त्या उंचीवर. जवळून बघितलं तर ओठ. उघड्या ओठांचा ठसा, जसं कुणी काचेवर हाः करावं.

धुतली. पाणी करडं झालं. भिंतीच्या फटींतून कोठीतली धूळ येत असणार. सगळ्या फटींत ओल्या चिंध्या कोंबल्या. पाक मुर्योतोंना खोली बदलून मागितली. दुसरी नाही म्हणाले.

१७ जून, मंगळवार क्लिवोन

चिंध्या कोंबून काही झालं नाही. रोज सकाळी ठसा आहे. रुमिनी हसते. म्हणते, "माक, कुणीतरी माझा मुका घेतंय." मी तिला गप बस म्हणून खेकसले. मग वाईट वाटलं.

सकाळपासून तिला खोकला, कोरडा.

दुपारी गियोनोला धरलं. खरं बोल, नाहीतर तू अजून हवेची नळी वापरतोस ते वर सांगते म्हटलं. मग बोलला. तुकिनेम गावी गेली ती बहिणीकडे. दीड महिन्यात मेली. शेवटची आंघोळ घालताना अंगावरून पाणी करडं वाहायचं, चार रांजण ओतले तरी नितळ होईना. शरीर म्हणजे काड्या, पण उचलायला सहा पुरुष लागले. बहिणीच्या घरातली तिन्ही माणसं आता खोकतात.

"तुकिनेम म्हणायची, ही धूळ नाही," तो म्हणाला. "घाटात थांबवलेली धाव आहे. कोंडून ठेवली तर ती पुढं जायला वाट शोधते."

मी म्हटलं, तुला बायांना घाबरवायला चांगलं येतं. तो हसला नाही. नेहमी हसतो.

२१ जून, शनिवार वागे

आज मितोनी, सातव्या महिन्याची आंघोळ. सात ठिकाणचं पाणी लागतं. सहा झऱ्यांचं मी स्वतः आणलं, दोन दिवस चालून. सातवं पाक मुर्योतोंनी आणलं, बाटलीत, फुलाच्या पाकळ्या घालून. क्याई मांदेगचं, गेल्या सुरोचं. म्हणाले, ज्यांची मुलं वेळेआधी निसटतात त्या बायांना हेच देतात. पोटातलं पोटात थांबतं. रुमिनीची सासू आंघोळीला आली होती, ती तर बाटलीच्या पाया पडली.

मी बाटली उजेडात धरली. तळाशी करडा साका होता. वीस दिवस मी एक कण उडू दिला नव्हता, मला ठाऊक होतं ते काय आहे.

रुमिनी ओल्या अंगानं माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "माक, हे तरी राहील ना पोटात?"

वाफ्यातली ती सकाळ आठवली. ओतलं. माझ्याच हातानं, डोक्यावरून, सावकाश. उरलेले तीन घोट पाजले.

२३ जून, सोमवार लेगी

काल सकाळपासून बाळ लाथ मारत नाही. पोटावर ताटली ठेवली. हलली नाही.

सुईणबाई म्हणाल्या, ठोके आहेत, पण फार संथ. ब्रेक लागून थांबत आलेल्या चाकासारखे. खाली शहरातल्या मोठ्या इस्पितळात दाखवा, आठवडा घालवू नका.

रुमिनीच्या सासूला फोन केला. म्हणाली, त्यांच्या घराण्यात मितोनीनंतर सात दिवस उंबरठा ओलांडत नाहीत. आणि शुक्रवारी सुरो लागतो, त्या महिन्यात गरोदर बाईनं प्रवास करायचा नाही. म्हणजे महिनाभर इथंच. शिवाय म्हणाली, बाळ शांत झालं म्हणजे पाणी लागू पडलं.

भांडायला पाहिजे होतं. मी, जी सगळ्यांशी भांडते, बरं म्हटलं.

२४ जून, मंगळवार पाहिंग

सकाळचा ठसा नीट बघितला. रोज घाईनं धुऊन टाकत होते, बघितलाच नव्हता. वरचा ओठ मधोमध तुटलेला.

तोंड पुसलं आणि ठशाशेजारी मच्छरदाणीवर ओठ टेकवले. श्वास सोडला.

दोन ठसे. एकसारखे.

माझे पाय सकाळी थंड असतात. फरशीवर उभं राहिल्यासारखे. मी उठते तर. झोपेत उठते, पोरीच्या तोंडाशी उभी राहते आणि —

डेपोत पोत्यांचा काटा आहे. आले तेव्हा गंमत म्हणून उभी राहिले होते, सेहेचाळीस किलो. आज एकसष्ट. पोलकं मात्र ढगळ झालंय, बांगडी कोपरापर्यंत चढते.

कोठीतल्या सगळ्या पिशव्या रिकाम्या. गाठी पक्क्या.

२५ जून, बुधवार पॉन

आज पोरीवर ओरडले. जेवत नव्हती म्हणून. भाताची पांढरी ताटली दोघींच्या मध्ये होती. बोलता बोलता तिचे डोळे ताटलीवर खिळले. मी खाली बघितलं.

भात करडा झाला होता. माझ्या बाजूनं जास्त.

तोंडाला ओलं फडकं बांधलं. तेव्हापासून बोलले नाही. चिठ्ठ्या लिहून देते. रुमिनी नववी शिकलीय, वाचते, पण चिठ्ठीकडं न बघता माझ्याकडं बघत राहते.

दारात मुकादम येऊन गेले. मी बोलत नाही म्हणून त्यांना बरं वाटलं. परवा क्याई मांदेग धुवायचा, तेवढं नीट करा म्हणाले. एक पाऊल मागे सरून म्हणाले. त्यांना ठाऊक आहे. तुकिनेमच्या वेळेपासून ठाऊक आहे.

२६ जून, गुरुवार वागे

बाळ — सकाळपासून काहीच नाही. सुईणबाईंनी नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं. ठोका अजून आहे म्हणाल्या. उद्या न्याच म्हणाल्या, सुरो असो की आणखी काही असो.

गियोनो नेईल. उद्या नऊची बस खाली जाते, ती गेली की क्याई मांदेगचं धुणं आणि सुरोसाठी दिवसभर गाड्या बंद. तीच एक. गियोनोला चिठ्ठी लिहिली: पोरीला चढव, खिडकीशी बसव, इस्पितळात सोड, मागं वळू देऊ नकोस. त्यानं चिठ्ठी वाचून घडी केली आणि खिशात ठेवली. टवाळी केली नाही.

मी बरोबर गेले तर बसभर माणसं. दुसऱ्या गावी गेले तर दुसरं गाव. कोठीला लोखंडी दार आहे, आतून कडी आहे. खाली ओली पोती कोंबायची. इथली धूळ इथंच राहू दे. मी मेले जरी —

खोकला येतो आहे. आवरते. आवरला.

तिला सांगितलेलं नाही.

२७ जून, शुक्रवार क्लिवोन. सुरोचा पहिला

उजाडताच आत आले. कडी लावली. पोती कोंबली. फडकं तिप्पट केलं.

दारात डोक्याच्या उंचीला हवेसाठी सहा भोकं आहेत. ती बुजवायला चिंधी उरली नाही. लक्षातच आलं नाही. हीच माझी अक्कल.

बाहेर गर्दी जमतेय. बाटल्यांचा आवाज. पाक मुर्योतो मला हाका मारतात. मारू दे.

आठ वाजून गेले.

रुमिनी आली. गियोनो तिला ओढतोय, ती येत नाही. पोतं जरा सारून दाराखालून चिठ्ठी सरकवली. जा. बाळासाठी जा. मी बरी आहे.

तिनं वाचली. फाडली.

म्हणते, हे कुणी लिहिलंय मला काय माहीत. दोन दिवस माझ्या आईचा आवाज नाही ऐकला. आत आई आहे की दुसरंच कोण?

दुसरी चिठ्ठी. तीही फाडली.

खाली बसली. उंबऱ्याशी. खोकतेय. गियोनो म्हणतो, बु, बोला काहीतरी, गाडी सुटेल. बोला हो.

बसचा भोंगा. पहिला.

"माक," ती म्हणाली. "एक शब्द बोल. तुझ्या आवाजात. मग मी जाते."

एक शब्द. फक्त जा. मागच्या भिंतीला तोंड लावीन, पाठ दाराकडं. श्वास अगदी थोडा. मग फडकं परत —

बोलले.

भिंत करडी झाली. हातभर.

मग ती उठली, कपडे झटकले. गेली वाटतं. पावलं दूर —

भोंगा. दुसरा.

पावलं परत येतायत. धावत.

म्हणते नीट ऐकू नाही आलं. म्हणते पुन्हा म्हण. आवाज अगदी जवळ. भोकाशी. तिनं भोकाला ओठ लावलेत, माक, माक —

आणि मला खोकला येतोय. आतून. पोटापासून. आवरत ना —

एका हातानं तोंड दाबलंय. बोटांतून निघतंय. भोकांकडं चाललंय, सहाच्या सहा —

न्दुक सरक

सरक बाई सर